नऊ-ट्रॅक टेप, पंचकार्ड आणि शोधपत्रकारिता: सुरुवात कुठून धरायची?

मल्हारगंज: इंदूरमधल्या पत्रकारितेच्या मुलांसाठी टिपण करतोय: संगणक वापरून शोधपत्रकारिता कधी सुरू झाली? जो तो १९५२पासून, म्हणजे अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने युनिव्हॅक संगणक वापरला तिथपासून, सुरुवात करतो, ते पटत नाही. शिवाय अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात स्कूलबस ड्रायव्हरांची यादी गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून बातमी केली होती, तशा कामात दोन याद्या जुळवायच्या कशा?

छावणी: १९५२ सोडा हो, तो निवडणुकीचा अंदाज होता. १९६७ धरा. अमेरिकेतल्या डेट्रॉइटची दंगल, पत्रकार फिलिप मेयर, ४३७ कृष्णवर्णीय रहिवाशांच्या मुलाखती आणि त्यांची उत्तरं तपासायला आयबीएम ३६० संगणक. दंगलीत उतरले ते शाळा सोडलेले किंवा अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेले, असा समज होता. कॉलेजात गेलेलेही तितकेच निघाले, आणि उत्तरेत वाढलेले दक्षिणवाल्यांपेक्षा जास्त!

नंतर फिलाडेल्फियाचे पत्रकार बार्लेट आणि स्टील. हजारावर खटल्यांची कागदपत्रं वाचून हाताने कोडिंग, म्हणजे प्रत्येक माहितीला आकडा देणं. पंचकार्डाला (भोकं पाडून माहिती नोंदवायचं कार्ड) कॉलम ८०च, म्हणून प्रत्येक उत्तराचा आकडा आधी ठरवावा लागतो. मुलांना हे करायला लावा: शिक्षेच्या वर्षांना दोन कॉलम दिले, तर जन्मठेपेला काय लिहिणार? ९९ लिहून तसंच सोडलं की सरासरी फुगलीच.

पलासिया: ड्रायव्हरांची बातमी पत्रकार एलियट जॅस्पिनची, १९८०च्या दशकातली. तेव्हा सरकारी डेटा अर्ध्या इंची नऊ-ट्रॅक चुंबकीय टेपवर असायचा, २४०० फुटांचं रीळ. सोबत रेकॉर्ड लेआउट मागावाच लागे, म्हणजे कुठलं फील्ड (नाव, तारीख असा रकाना) कितव्या बाइटपासून सुरू होतं ते. मेनफ्रेमचा, म्हणजे मोठ्या संगणकाचा, एबसीडिक हा अक्षरांचा कोड पीसीसाठी आस्की या दुसऱ्या कोडात आणताना अख्खा रेकॉर्ड एकदम बदलला, की पॅक्ड डेसिमल (दाबून साठवलेले आकडे) फील्डं मातीत: तिथे एका बाइटमध्ये दोन आकडे कोंबलेले असतात, अक्षर नसतंच.

जुळवणी लायसन्स नंबरवर करा. तो नसेल तर नाव अधिक जन्मतारीख. नुसत्या नावावर कधीच नको, राजेश शर्मा गल्लोगल्ली सापडतात. जुळलेली प्रत्येक नोंद मूळ कागदाशी ताडूनच छापायची.

मल्हारगंज: आणि आपल्याकडे?

छावणी: आपला एबसीडिक म्हणजे कृतिदेव, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी दाखवणारा जुना फाँट! हिंदी पीडीएफमधून 'इंदौर' कॉपी केलं की 'बी ए एन के एस जे' ही इंग्रजी अक्षरं उमटतात. माहिती अधिकारात इलेक्ट्रॉनिक स्वरूप मागता येतं, कलम २(जे) बघा. तरी फाइल कृतिदेवमध्येच आली, तर नुसतं 'शोधा-बदला' करू नका. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. दोन्ही जागा बदलून घेणारा कन्व्हर्टर लागतो. नाहीतर 'शर्मा' एका यादीत एक, दुसऱ्या यादीत भलताच.