फर्नेसचा हीट एक्स्चेंजर तडकला म्हणतात : दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

प्रश्न :
नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो. तळघरातील गॅसची फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) १७ वर्षांची असून ८० टक्के कार्यक्षमतेची आहे. परवा रात्री ती सारखी चालू-बंद होऊ लागली, म्हणून एका कंपनीचा तंत्रज्ञ बोलावला. त्याने दहा मिनिटांत हीट एक्स्चेंजरला तडा गेल्याचे सांगितले, गॅस बंद केला आणि नव्या फर्नेसच्या करारावर आजच सही करा असा आग्रह धरला. तडा मात्र आम्हाला दाखवला नाही. साताऱ्याहून आलेले आई-बाबा शाली पांघरून एकाच खोलीत बसून आहेत. काय करावे?

प्रतिसाद १ :
सही करू नका, पण फर्नेसही चालू करू नका. जळत्या गॅसचा धूर आणि घरात खेळणारी हवा यांच्यामध्ये हीट एक्स्चेंजरचा पातळ पत्रा एवढाच आडोसा असतो. तो खरोखर तडकला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात पसरू शकतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. झोपायच्या खोल्यांबाहेरील या वायूचे अलार्म आजच तपासून घ्या.
दुसऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ बोलवा आणि आत कॅमेरा घालून काढलेला तड्याचा फोटो मागा. बर्नर पेटून काही सेकंदांत विझत असेल, तर अनेकदा फ्लेम सेन्सरवर (ज्योत पेटली का हे ओळखणाऱ्या दांडीवर) बसलेला थर हेच कारण असते आणि तो घासून काढला की काम भागते. फिल्टर तुंबल्यानेही फर्नेस तापून बंद पडते. मात्र वर्षानुवर्षे तसेच चालले, तर त्याच तापण्याने पत्रा तडकतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.
तोवर विजेचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शन कॉर्डला नको. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा, म्हणजे पाइप गोठणार नाहीत.

प्रतिसाद २ :
तडा खरा निघाला, तर माझ्या मते नवीच घ्यावी. हीट एक्स्चेंजरची वॉरंटी पुष्कळदा २० वर्षांची असते, म्हणून सीरियल नंबर देऊन चौकशी अवश्य करा. पण सुटा भाग फुकट मिळाला तरी मजुरी सहसा आपल्याच खिशातून जाते, आणि ब्लोअरची (गरम हवा घरभर ढकलणाऱ्या पंख्याची) मोटर १७ वर्षांचीच राहते.
८० वरून ९५ टक्क्यांवर गेल्यास तेवढ्याच उष्णतेसाठी सुमारे १६ टक्के कमी गॅस लागतो. मात्र अमेरिकेच्या केंद्र सरकारची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या फर्नेसना नाही, हे विक्रेता सांगेलच असे नाही.
सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुन्या फर्नेसच्याच धुराड्याला जोडलेला गॅसवरचा पाण्याचा हीटर. ९५ टक्क्यांच्या नव्या फर्नेसचा धूर प्लॅस्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर जातो, त्यामुळे जुन्या रुंद धुराड्यात पाण्याचा हीटर एकटा उरतो. त्याच्या थोड्याशा धुराचे तिथे थंड होऊन आम्लयुक्त पाणी होते आणि ते विटा पोखरते. आमच्याकडे दोन वर्षांनी भिंतीवर ओल आली, तेव्हा हे कळले. धुराड्यात लायनर (आतून बसवायची अरुंद नळी) घालण्याचा खर्च कोटेशनमध्ये लिहून घ्या.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. आज दुसऱ्या तंत्रज्ञाने कॅमेऱ्यातून पत्र्याच्या वळणावरची बोटभर लांबीची भेग दाखवली, म्हणून नवी घेण्याचे ठरवले. पहिल्या कोटेशनमध्ये लायनरचा उल्लेखच नव्हता; दुसऱ्या कंपनीने आम्ही विचारल्यावर तो घातला. परवा सकाळी काम सुरू होईल. तोवर आई-बाबांना मैत्रिणीकडे पोचवून आलो आहोत.