'वंशावळ' हाच शब्द बरोबर का?

कोपरखैरणेकरीण: मावशीला (वय ४३, मोठ्या आतड्याचा कॅन्सर) घेऊन ठाण्याला गेले होते. तिथल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "आधी तुमची वंशावळ काढू या." मावशी लगेच, "आहे ना घरी! मुलाच्या जातपडताळणीला केली होती. आणू?" मॅडम हसल्या आणि कोरा कागद ओढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कॅन्सर झाला असेल तर आतून काळं, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मावशीच्या काळ्या गोलाला बाण. पेडिग्रीला वंशावळच म्हणतात का? शिवाय फाइलवर 'अनुवांशिक' होतं. मी 'आनुवंशिक' शिकले.

ऱ्हस्वदीर्घ: तुम्ही बरोबर शिकलात. अनुवंश + इक, वृद्धी पहिल्या स्वराला. समाज-सामाजिक तसंच. 'वांशिक'ला पुढून 'अनु' चिकटवला की ते दुसरं रूप होतं, आणि आता ते पाट्यांवरही दिसतं.

घोडबंदर रोड: मी आनुवंशिक आजारांबद्दल समुपदेशनाचं काम करते. 'आनुवंशिक' आणि 'जनुकीय' एकच समजू नका. जनुकात बिघाड प्रत्येक कॅन्सरमध्ये असतो, पण तो बहुतेकदा त्या गाठीपुरता. आईबापांकडून आलेला, म्हणजे आनुवंशिक, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरात साधारण ५ ते १०.

वंशावळीबद्दल माझी तक्रार आहे. दाखल्याच्या वंशावळीत पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा. लेकी सासरी गेल्या की कागदावरूनही गेल्या. आम्हाला नेमक्या त्याच हव्या असतात! लिंच सिंड्रोम म्हणजे घराण्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणणारा एक आनुवंशिक आजार; त्यातला बिघाड आईकडूनही येतो, वडिलांकडूनही. प्रत्येक मुलाला, मुलीला निम्मी शक्यता. त्यात गर्भाशयाचा कॅन्सरही होतो, म्हणून गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेलेली आत्या आतड्याच्या पेशंटच्या कागदावर हवीच. या आजाराचा माग मुळात १८९५ साली मिशिगनमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोलण्यातून लागला. आपल्या घरातली माणसं कशाने जातात ते तिने डॉ. वॉर्थिन यांना सांगितलं होतं.

ऱ्हस्वदीर्घ: मग 'कुटुंबवृक्ष'?

घोडबंदर रोड: छे, तो फॅमिली ट्रीचा सांगाडा. पेशंटला मी "नात्यांचा तक्ता" म्हणते. मामा, काका, मावशी, आत्या म्हटलं की बाजू आपोआप कळते, ही मराठीची मोठी सोय. 'आजी' म्हटलं की मात्र विचारावं लागतं, कुठली?

मुरबाडचा: आमच्याकडे 'गोतावळा'. त्यात कोणी सुटत नाही.

घोडबंदर रोड: शब्द झकास, पण गोतावळ्यात शेजारीही येऊन बसतात.

कोपरखैरणेकरीण: 'तक्ता' पटला. काल मावशीचा फोन होता. आजीची धाकटी बहीण "पोटात गोळा होऊन" गेली म्हणे, चाळिशीच्या आतच. मॅडमना कळवलं. त्यांनी गोल काढला, तिरकी रेघ ओढली, काळं नाही केलं. बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं. त्याच कागदावर मावशीशेजारी आईचा पांढरा गोल आहे, खाली माझा.