जुना पीजी ५०६ घ्यावा का? ४६५बी साठी कॅलिब्रेटर बघतोय

अनगोळचा टेस्टर:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपांच्या टेस्टिंगवर नोकरी झाली. आता घरामागच्या खोलीत स्वतःचं बाकडं मांडलंय. त्यावर टेक्ट्रॉनिक्स ४६५बी ऑसिलोस्कोप आहे (सिग्नलची लाट पडद्यावर काढून दाखवणारा), १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थचा, म्हणजे तेवढ्या फ्रिक्वेन्सीपर्यंत चालणारा. ट्रेस अजून बारीक येतो. पण एकच सिग्नल दोन्ही चॅनलला दिला की उंचीत फरक दिसतो आणि स्क्वेअर वेव्हचा पुढचा कोपरा जरा वर उचलल्यासारखा वाटतो. पुढच्या पॅनलवरचा ०.३ व्होल्टचा कॅलिब्रेटर प्रोब जुळवायला ठीक, त्याच्या पुढे त्याचा उपयोग नाही.

कोल्हापुरात एक गृहस्थ टेक्ट्रॉनिक्सच्याच टीएम ५०० मालिकेची पेटी विकालेत. आत पीजी ५०६ (स्कोप तपासायला ठराविक उंचीच्या स्क्वेअर वेव्ह देणारा) आणि एसजी ५०३ (एकसारख्या उंचीच्या साइन लाटा देणारा) आहेत, टीजी ५०१ (वेळेच्या खुणा देणारा) नाही. ३५ हजार सांगतात, थोडं खाली येतील. घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आणखी एक डबडं?" तुम्ही सांगा, घेऊ की नको?

शहापूरचा रेडिओवाला:
काका, आधी चॅनलचे व्हेरिएबल नॉब टक् करून कॅलच्या खाचेत बसलेत का बघा. निम्मे 'बिघडलेले' स्कोप तिथंच दुरुस्त होतात. मग आतले पॉवर सप्लाय मोजा: उणे ८, अधिक ५, १५, ५५, ११० व्होल्ट. त्यातला एक जरी हलला असेल तर कॅलिब्रेटर आणून काय करणार? जुने टँटलम कपॅसिटर शॉर्ट होतात, ते पण बघा. आणि सीआरटीच्या (पडद्याच्या नळीच्या) बाजूला हात घालू नका, तिथं दोन हजारावर व्होल्ट असतात.

आता मुद्द्याचं. तुम्ही उद्यमबागेतले, तुम्हाला मास्टर गेज काय सांगायचं? मोजणारं साधन मोजायच्या वस्तूपेक्षा चारपट तरी अचूक पाहिजे. अशा स्कोपची उभी अचूकता दोन-तीन टक्क्यांची. म्हणजे अर्ध्या टक्क्याचा मल्टिमीटर आणि एक स्थिर डीसी व्होल्टेज एवढ्यात काम भागतं. एडी ५८४ या व्होल्टेज रेफरन्स आयसीचं छोटं मॉड्यूल मिळतं, त्यातून २.५, ५, ७.५, १० व्होल्ट निघतात. डीसी कपलिंगवर ट्रेस खालच्या रेघेवर ठेवा, व्होल्टेज द्या, पडद्यावरची किती घरं चढला ते मोजा. झालं.

टीजी ५०१ नाही म्हणून तर अजिबात हळहळू नका. १० मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल ऑसिलेटर आणि पुढं दहा-दहाने भागणारे आयसी. स्वस्तातल्या क्रिस्टलची चूक ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) धरा, म्हणजे ०.००५ टक्के. एक काळजी घ्या: आर्डुइनो उनोतून वेळ काढायला जाऊ नका, त्याच्या मुख्य चिपला बऱ्याचदा सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो क्रिस्टलच्या मानाने फारच ढिला.

मग पैसे कशाचे मोजायचे? फक्त एजचे, म्हणजे स्क्वेअर वेव्हच्या झटकन चढणाऱ्या कडेचे. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचा राइझ टाइम (कड चढायला लागणारा वेळ) साडेतीन नॅनोसेकंद (०.३५ भागिले बँडविड्थ). पीजी ५०६ ची एज १ नॅनोसेकंदाच्या आतली. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की कळतं, पडद्यावर ३.६४ दिसेल. फरक नगण्य, म्हणजे जे दिसतंय ते तुमच्या स्कोपचंच. ७४एसी१४ या लॉजिक आयसीची गेट्स समांतर जोडून घरी दोनेक नॅनोसेकंदांची एज मिळते, तिथं आकडा चारवर जातो. कोपरा जुळवायला तेवढ्यावर चालतं, पण आपण अंदाजात राहतो. अ‍ॅनालॉग सर्किटवाले जिम विल्यम्स यांचं २एन२३६९ ट्रान्झिस्टरचं अ‍ॅव्हलांच सर्किट त्याहून कितीतरी वेगवान, पण ते अरुंद पल्स देतं. कोपऱ्यामागचा सपाट भाग बघायला त्याचा काही उपयोग नाही.

माझं मत: ३५ ला नको. निम्म्याला दिली तर डोळे झाकून घ्या.

खानापूरचा हॅम:
रेडिओवाल्या अण्णांचा हिशोब बरोबर आहे, पण पीजी ५०६ ची खरी मजा त्यांनी सांगितलीच नाही. त्याच्यावर एक नॉब आहे, तो फिरवत लाट ग्रॅटिक्युलच्या (पडद्यावरच्या घरांच्या) रेघांना तंतोतंत भिडवायची. मग समोर लाल आकड्यांत स्कोपची चूक थेट टक्क्यांत येते, वर की खाली तेही कळतं. गुणाकार नाही, वही नाही. व्होल्टच्या दहा रेंज तपासायच्या असतील तर हे सुख वेगळंच.

एसजी ५०३ पण कमी लेखू नका. ५० किलोहर्ट्झवर सहा घरं उंची लावायची आणि फ्रिक्वेन्सी चढवत न्यायची. लाट ४.२ घरांवर आली की तीच तुमच्या स्कोपची बँडविड्थ. हा जनरेटर २५० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. पण त्याची सपाटी (फ्रिक्वेन्सी बदलली तरी उंची तीच राहणं) त्याच्या स्वतःच्या खास केबलच्या टोकाशीच धरलेली असते. ती केबल सोबत मिळते का, हे आधी विचारा. नसेल तर तेवढ्यावरून भाव पाडा की.

निपाणीकर:
दोन ओळी फक्त. पेटी परदेशातून आली असेल तर ट्रान्सफॉर्मरचे टॅप ११५ वर असू शकतात, २३० ला प्लग घालण्याआधी उघडून बघा. आणि त्याच माणसाने टेक्ट्रॉनिक्स २८४ पल्स जनरेटर दाखवला तर भुलू नका. ७० पिकोसेकंदांची एज ऐकून तोंडाला पाणी सुटतं, पण आतला टनेल डायोड गेला असेल तर बदली शोधत बसाल.

अनगोळचा टेस्टर:
नॉब खाचेतच आहेत, ते पहिलंच बघितलं होतं. सप्लाय आज मोजले: ५५ चा ५५.१ आहे, बाकीचे पण जागेवर. रविवारी स्कोप गाडीत घालून कोल्हापूरला जातो, तिथंच जोडून बघतो. एक शंका: माझ्या इनपुटला ५० ओहमची सोय नाही, १ मेगओहमच आहे. केबलच्या टोकाला लावायचा ५० ओहमचा टर्मिनेटर गावात मिळेल का? केबल टीव्हीवाला देतो म्हणाला.

शहापूरचा रेडिओवाला:
त्याचा ७५ ओहमचा असतो, घेऊ नका. केबल पण आरजी-६ नको, आरजी-५८ पाहिजे. जुन्या कोअ‍ॅक्स लॅनचे बीएनसी टर्मिनेटर ५० ओहमचे असायचे, कॉम्प्युटर भंगारवाल्यांकडे अजून सापडतात. बीएनसीचा 'टी' घेऊन तो थेट स्कोपच्या तोंडाशीच लावा. टर्मिनेशन नसलं तर एज परतून येते आणि तुम्ही बिचाऱ्या ४६५ चे ट्रिमर पिळत बसाल. माझ्याकडे एक जास्तीचा आहे, शनिवारी संध्याकाळी येऊन न्या.