स्लॉथ एवढा संथ का असतो, आणि आपल्या रानात तसा कोणी आहे का?

प्रश्न (शिक्षक, खानापूर तालुका):
जांबोटी परिसरातील मराठी शाळेत मी पाचवीच्या वर्गाला शिकवतो. दक्षिण अमेरिकेतील वर्षावनांच्या धड्याच्या वेळी झाडावर लटकून राहणाऱ्या स्लॉथ या प्राण्याचे चित्र दाखवले, तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, तो आळशी आहे की आजारी?" दुसऱ्याला असा प्राणी भीमगडच्या रानात आहे का, हे हवे होते. मला नीट उत्तर देता आले नाही. 'आळशी' हा शब्द मुलांच्या मनात बसू नये, असे फार वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (बेळगाव):
गुरुजी, तो आळशीही नाही आणि आजारीही नाही. तीन बोटांच्या स्लॉथचा आहार मुख्यतः झाडाची पाने. त्यांत कस कमी असतो, आणि खाल्लेला पाला पूर्ण पचायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर जगायचे म्हणून तो शरीराचा सगळा खर्चच आखडून घेतो, आणि म्हणून हालचालही संथ ठेवतो. केसांत वाढणाऱ्या शेवाळामुळे त्याला हिरवट रंग येतो आणि तो पालवीत मिसळून जातो. विष्ठेसाठी मात्र आठवड्यातून साधारण एकदा तो खाली जमिनीवर उतरतो, आणि तेव्हाच त्याला सर्वांत जास्त धोका असतो. झोपेविषयीही गैरसमज आहे: २००८ मध्ये पनामाच्या रानातील स्लॉथच्या मेंदूच्या लहरी नोंदवल्या गेल्या, तेव्हा तो दिवसाला साधारण साडेनऊ तासच झोपतो असे दिसले.

उत्तर २ (निपाणी):
स्लॉथ आपल्याकडे नाही, पण पश्चिम घाटात लाजवंती (स्लेंडर लोरिस) हा झाडावर राहणारा, संथ चालीचा छोटा प्राणी आहे. तिला वनमाणूसही म्हणतात आणि कन्नडमध्ये काडुपापा. वजन पाव किलोच्या आसपास, डोळे मात्र केवढे मोठे! दिवसा ती दाट फांद्यांत अंगाची गुंडाळी करून झोपते आणि रात्री किडे टिपते. घोयऱ्या सरड्यासारखी फांदीचा आवाज होऊ न देता ती जवळ जाते आणि शेवटच्या क्षणी हात झपकन पुढे टाकते. म्हणजे स्लॉथचा संथपणा पाल्यामुळे, हिचा शिकारीसाठी. लांब उडी तिला मारता येत नाही, त्यामुळे रस्त्यासाठी फांद्या तोडून झाडांची सलगता मोडली की तिची वाटच तुटते. करणी-भानामतीसाठी तिला पकडतात, हे मुलांना जरूर सांगावे. तो छळ थांबलाच पाहिजे.

उत्तर ३ (कणकुंबी):
यात पिसोरीची, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या प्राण्याची भर घालतो; ती संथ नाही, पण स्तब्ध राहून लपते. फूटभर उंचीचा हा शिंगे नसलेला प्राणी दिवसा ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत दडतो आणि अंधार पडल्यावर झाडाखाली गळालेली फळे वेचतो. गेल्या पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी बॅटरीच्या उजेडात मला एक दिसली. अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, पुढचा एक पाय उचललेला, तसाच अधांतरी. कानसुद्धा हलत नव्हता. दोन पावलांवर असूनही नजर हटली की ती पाचोळ्यातून वेगळी ओळखू येईना. मी बॅटरी विझवली, तेव्हा कुठे तिची पावले वाजली.