चवथीची फॅन फिल्म आणि पोस्टरवरचं सोसायटीचं नाव

(पर्वरीतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-१०१, सेक्रेटरी
चवथीच्या कार्यक्रमाचं पोस्टर तयार आहे. तिसऱ्या रात्री हॉलमध्ये मुलांनी केलेली, स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेवरची २२ मिनिटांची फॅन फिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने केलेली. वर 'सोसायटी प्रस्तुत', खाली वर्गणीसाठी क्यूआर कोड. नंतर फिल्म यूट्यूबवर जाईल. हरकत नसेल तर दुपारी छापायला देतो.

बी-२०४
भुरग्यांची हौस आहे, हरकत कसली? आपण थोडेच पैसे कमावतोय. शेवटी 'सर्व हक्क मूळ मालकांचे' अशी पाटी टाका, झालं.

सी-३०२, वकीलताई
काका, त्या पाटीने काहीच साधत नाही. उलट 'दुसऱ्याचं आहे हे आम्हाला ठाऊक होतं' असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सवलती आहेत, पण ती यादी मोजकी आहे. खाजगी वापर, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन, अशी कामं नावानिशी दिली आहेत. 'नफा नाही', 'आम्ही चाहते आहोत' ही कारणं त्यात नाहीत. अमेरिकेतला फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय रास्त वापराची सवलत, जास्त लवचिक आहे, तरी तिथेही हाच वाद हरलेला आहे, आणि तोही स्टार ट्रेकवरच.

ए-१०१, सेक्रेटरी
ताई, सविस्तर सांगाल? दुपारी छापायचं आहे म्हणून विचारतो.

सी-३०२, वकीलताई
ॲक्सनार नावाचा, स्टार ट्रेकवरच्या फॅन फिल्मचा प्रकल्प. २०१४ मध्ये त्यांनी २१ मिनिटांची प्रस्तावना काढली. मुरलेले व्यावसायिक नट, उत्तम व्हीएफएक्स. मग पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी चाहत्यांकडून पैसे मागितले आणि एकूण आकडा १० लाख डॉलरच्या वर गेला. त्यातून स्टुडिओची जागा भाड्याने घेतली. २९ डिसेंबर २०१५ला स्टार ट्रेकचे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएसने कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला. तिथल्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मागता येते.

ॲक्सनारवाल्यांचं म्हणणं होतं की हे मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाच्या थाटातलं काल्पनिक काम आहे, फुकट दाखवणार आहोत, म्हणून फेअर यूज. जानेवारी २०१७च्या सुरुवातीला न्यायाधीश क्लाउझनर यांनी ते फेटाळलं. मूळ कृतीवर भाष्य किंवा चेष्टा नाही, म्हणजे विडंबन नाही. आणि फुकट दाखवलं तरी निर्मात्याला त्यातून पुढची कामं मिळण्याची आशा होती, तोही लाभच. 'पैसे घेत नाही' या वाक्याचा जीव तिथेच गेला. साम्य पुरेसं आहे का, एवढा एक मुद्दा ज्यूरीसाठी उरला होता, पण खटला उभा राहण्याआधी २० जानेवारीला तडजोड झाली. प्रत्येकी १५ मिनिटांचे दोन भाग, यूट्यूबवर जाहिरातींशिवाय, जाहीर वर्गणी बंद. लोकांनी पैसे दिले पूर्ण चित्रपटासाठी आणि हाती एवढं.

डी-४०२
त्या खटल्यात क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतल्या परग्रहवासीयांच्या बनवलेल्या भाषेवरही दावा होता ना? एका भाषाप्रेमी संस्थेने मध्ये पडून कोर्टाला निवेदन दिलं आणि त्यात क्लिंगॉनमधली वाक्यं घातली 😄

सी-३०२, वकीलताई
हो. भाषा कुणाच्या मालकीची असू शकते का, हा झकास प्रश्न होता. कोर्टाला त्याचं उत्तर द्यावंच लागलं नाही.

ई-००३
टँकर आलाय, ई विंगसमोरच्या गाड्या जरा काढा.

बी-२०४
म्हणजे फॅन फिल्म करायचीच नाही?

सी-३०२, वकीलताई
करता येते, पण मालकाच्या मर्जीवर. हक्क म्हणून नाही. हा फरक कळला की पुढचं सोपं. खटला चालू असतानाच, जून २०१६ मध्ये, सीबीएस आणि पॅरामाउंटने नियमावली काढली. एवढं पाळलंत तर आम्ही हरकत घेणार नाही, असा तिचा सूर. ती म्हणजे लायसन्स नव्हे आणि कंपन्या ती कधीही बदलू शकतात. मुलांच्या फिल्मला ती लावून पाहते.

लांबी: एक गोष्ट १५ मिनिटांची, किंवा दोन भाग मिळून ३०. त्यापुढे सीक्वल, मालिका काही नाही. आपली सलग २२ आहे, म्हणजे मधे तोडावी लागेल. एक भाग १२चा आणि एक १०चा करा.

नाव: मुख्य शीर्षकात 'स्टार ट्रेक' नको. खाली साध्या अक्षरांत उपशीर्षक म्हणून 'अ स्टार ट्रेक फॅन प्रॉडक्शन' मात्र हवंच. पोस्टरवर बरोब्बर उलटं केलंय.

पैसे: वर्गणी चालते, ५० हजार डॉलरपर्यंत. आपले ३६ फ्लॅटचे प्रत्येकी ५०० म्हणजे १८ हजार रुपये, त्याची काळजी नको. पण देणगीदारांना मग, टी-शर्ट असली बक्षिसं नकोत. मुलांनी कीचेन करायचं ठरवलंय असं कानावर आलं, ते थांबवा. यूट्यूबवर जाहिराती बंद.

माणसं: कुणालाही मानधन नाही, आणि मूळ मालिकेत काम केलेलं कुणी नको. ॲक्सनारकडे पाहूनच हे कलम आलं असणार, असा माझा तर्क.

कथा: मालिकेतला प्रसंग पुन्हा करायचा नाही, मूळ फुटेजचे तुकडे लावायचे नाहीत. बाजारातून गणवेश किंवा खेळणी घेणार असाल तर अधिकृतच घ्या, नकली माल नको.

दारू: दिसता कामा नये. नववा सीन, परग्रहावरच्या बारमध्ये फेणी. विनोद छान आहे, पण तिथे कोकम सरबत द्या.

डी-४०२
🙈 ग्लास तेच राहतील, रंग बदलेल.

सी-३०५
ताई, मध्येच विचारते. लग्नाच्या वरातीत गाणी बिनधास्त वाजतात, कायद्यात सूट आहे म्हणतात. मग फिल्ममध्ये का नाही?

सी-३०२, वकीलताई
वहिनी, ती सूट कलम ५२(१)(झेडए)ची, धार्मिक विधी, सरकारी समारंभ आणि लग्नाशी निगडित समारंभांपुरती. तिच्यावरून गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं होतं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्याच, पर्वरीच्या खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. कलम शिल्लक आहे, पण परिपत्रकाने त्याची व्याप्ती वाढवता येत नाही. आणि वाजवणं वेगळं, चित्राला जोडणं वेगळं. चित्राला जोडलं की नवी प्रत झाली.

यापेक्षा जवळची सूट आहे (एल) खाली. हौशी मंडळाने साहित्य, नाटक, संगीत यांचा प्रयोग तिकीट न लावता केला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर उल्लंघन नाही. जत्रेतल्या नाटकांना हीच छत्री. म्हणून मुलांनी हाच प्रवेश हॉलच्या स्टेजवर जिवंत केला असता तर बाजू बरीच भक्कम होती. पण ही सवलत प्रयोगाला आहे. त्याचं चित्रीकरण करून जगाला दाखवण्याला ती लागत नाही, आणि तयार साउंड रेकॉर्डिंगला तर मुळीच नाही.

बी-१०२, एडिटर
खरी माती खातात ती संगीतात. २०१९ मध्ये स्टार वॉर्समधल्या डार्थ व्हेडर या खलनायकावरच्या एका फॅन फिल्मचं असंच झालं. निर्मात्याने जाहिराती न लावायचं कबूल केलेलं, स्वतःचं संगीत करून घेतलेलं. तरी प्रसिद्ध मार्चची चाल नव्याने वाजवली होती म्हणून संगीत प्रकाशकाचा यूट्यूबवर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा आला आणि जाहिरातीचं उत्पन्न तिकडे वळलं. आरडाओरडा झाल्यावर स्टार वॉर्सच्या लुकासफिल्म कंपनीने लक्ष घातलं, तेव्हा क्लेम सुटला. तात्पर्य, कीबोर्डवर स्वतः वाजवलं तरी चाल दुसऱ्याचीच राहते. चालीचा हक्क एक, रेकॉर्डिंगचा दुसरा.

मुलांच्या टाइमलाइनमध्ये मी पाहिलं, संवाद, इफेक्ट आणि संगीत एकाच ट्रॅकवर मिसळलेत. उद्या क्लेम आला तर गाणं काढताना संवादही जातील. आज रात्री तीन वेगळ्या वेव्ह फायली काढून ठेवा.

फुकट संगीत घेताना लायसन्स नीट वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्समध्ये 'एनडी' (बदल नको) लिहिलेलं असेल तर चित्राला जोडता येत नाही, कारण जोडणं हेच रूपांतर धरतात. 'एनसी' (व्यापारी वापर नको) असेल तर जाहिराती बंद ठेवा. 'बाय' असेल तर श्रेय द्या. लायसन्सच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा, लोक नंतर पान बदलतात.

इफेक्टही डाउनलोड केलेले नकोत. स्टार वॉर्समधल्या लाइटसेबरचा, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीचा, मूळ गुणगुणाट ध्वनिकार बेन बर्टने प्रोजेक्टरची मोटर आणि टीव्हीच्या नळीतला गोंगाट यांतून काढला होता. आपल्याकडे हॉलचा जुना पंखा आहे, मोबाइल जवळ धरून रेकॉर्ड करा, वेग दीडपट खाली आणा. यानाचा आवाज तयार.

डी-४०२
संगीत पाचव्या मजल्यावरचा दादा करून देतोय, फुकट. मग ते तरी आमचंच ना?

सी-३०२, वकीलताई
लेखी नसेल तर नाही. कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात कोणते हक्क, किती वर्षं, कुठे, हे लिहावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब तर जगभर दिसतं. म्हणून 'इंटरनेटसह सर्व माध्यमं, जगभर, कायम' असं एका पानावर लिहा. दादा असला तरी सही घ्या, पुढे नाती टिकतात.

ए-१०१, सेक्रेटरी
आणि सोसायटीचं नाव? मला सर्वात जास्त तेच बोचतंय.

सी-३०२, वकीलताई
तेच बोचायला हवं. आपल्या कायद्यात निर्माता म्हणजे फिल्म करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. 'सोसायटी प्रस्तुत' आणि सोसायटीच्या खात्याचा क्यूआर एका कागदावर आला की समोरचा वकील पहिलं नाव आपलंच टाकेल. दोन्ही काढा. 'सोसायटीतल्या मुलांनी केलेली' एवढं पुरे. हॉल फुकटच द्या. कलम ५१ मध्ये नफ्यासाठी जागा वापरू देणाऱ्यावरही जबाबदारी येते, त्यामुळे पाच रुपयेही भाडं नको.

फौजदारी बाजूही आहे. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. व्यापारी लाभ नसेल तर कोर्ट कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. मुलांच्या फिल्मवर कुणी तिथपर्यंत जाईल असं वाटत नाही. पण आपल्याकडे मूळ मालक गप्प बसतातच असंही नाही. 'शोले'च्या पुनर्निर्मितीवरून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये १० लाखांची दंडात्मक भरपाई दिली. ते व्यावसायिक प्रकरण होतं, तरी पात्रं आणि मांडणी उचलण्याबद्दलची भूमिका तीच.

बी-२०४
मग कल्पनाही उचलायची नाही? अंतराळयान तर कुणीही दाखवेल.

सी-३०२, वकीलताई
कल्पना मोकळीच, काका. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, १९७८, सर्वोच्च न्यायालय. कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा यांवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. नुसत्या शीर्षकावरही कॉपीराइट नाही, पण 'स्टार ट्रेक' हा ट्रेडमार्क आहे, म्हणून तो आधार घेऊ नका.

बी-१०२, एडिटर
अपलोडचं सांगतो. आधी 'प्रायव्हेट' ठेवून चढवा, यूट्यूब स्टुडिओची तपासणी पूर्ण होऊ द्या. क्लेम तिथेच कळतो. क्लेम आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नका. क्लेम आला तर व्हिडिओ राहू शकतो, उत्पन्न दुसऱ्याचं होतं किंवा काही देशांत दिसत नाही. स्ट्राइक म्हणजे रीतसर तक्रार. ९० दिवसांत तीन झाले की चॅनेलवरच गदा. म्हणून सोसायटीच्या चॅनेलवर, जिथे आरत्यांचे व्हिडिओ आहेत, तिथे हे चढवूच नका. वेगळं चॅनेल काढा.

क्लेमवर वाद घातलात तर समोरच्याला ३० दिवस मिळतात. स्ट्राइकवर उलट नोटीस दिली तर त्याला १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात जावं लागतं, नाहीतर व्हिडिओ परत येतो. पण त्या नोटिशीत खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि तो समोरच्याला जातो. मुलं अठराच्या आतली आहेत, हे लक्षात घ्या.

सी-३०२, वकीलताई
भारतीय कॉपीराइट नियमांत तक्रार योग्य वाटली तर ३६ तासांत काढायचं आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर परत लावता येतं, असा नियम ७५ आहे. तरी यूट्यूबसमोर आधी त्यांचीच पद्धत चालते.

ए-१०१, सेक्रेटरी
आग्वादच्या किल्ल्यावर दोन सीन बाकी आहेत म्हणे.

बी-१०२, एडिटर
वरचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, चित्रीकरणाची परवानगी वेगळी. आठवड्यात मिळेल या भरवशावर राहू नका. हॉलची गच्ची आणि काळा पडदा.

डी-४०२
सगळं कबूल. पण टोकदार कान मेणाचे तयार आहेत, तीन जोड्या. ते तरी ठेवायचे ना?

सी-३०२, वकीलताई
कान ठेवा, टोकदार कान कुणाच्याही मालकीचे नाहीत. ॲक्सनारमध्ये कोर्टाने सुटे तुकडे वेगळे काढून पाहिले नाहीत, सगळं एकत्र कसं दिसतं ते पाहिलं. तुमच्या पात्राला कान, कपाळावर कापलेले सरळ केस, निळा सदरा, छातीवर बाणाचं चिन्ह आणि नावही मालिकेतलंच. बाण काढा, नाव बदला, सदरा मोरपिशी करा.

ए-१०१, सेक्रेटरी
पोस्टर परवावर ढकललं. मोरपिशी कापड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल, कुणी जाणार असेल तर सांगा.