मदत हवी आहे : वेबरच्या सिद्धांतातील उपदेश आणि व्यवहार यांमधला दुवा कुठे शोधावा?

नमस्कार. प्रोटेस्टंट नीतीने आधुनिक भांडवलशाहीच्या वृत्तीला चालना दिली, असा जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये मांडलेला आणि १९२० मध्ये सुधारून पुन्हा छापलेला प्रबंध मी सध्या अभ्यासत आहे आणि त्यातील एका दुव्यापाशी अडलो आहे. युरोपच्या धार्मिक किंवा आर्थिक इतिहासाचा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मला समजलेली मांडणी अशी. कोणाचे तारण (पापातून मुक्ती) होणार हे देवाने आधीच ठरवले आहे आणि पुण्यकर्मांनी तो निर्णय बदलत नाही, अशी कॅल्विनपंथाची, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका शाखेची, शिकवण आहे. त्यामुळे आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही, ही धास्ती श्रद्धावंताला पोखरू लागते, आणि धर्मगुरूपुढे पाप कबूल करून क्षमा मिळवण्याची कॅथलिकांची वाटही त्याला उरलेली नसते. शंका झटकून टाक आणि आपल्या व्यवसायात अखंड कष्ट कर, एवढेच पाळक त्याला सांगतात. कष्टातून पैसा येतो, चैन निषिद्ध असल्याने तो उधळला जात नाही, आणि साठलेला पैसा पुन्हा धंद्यात गुंततो. हा परिणाम कोणी योजलेला नव्हता. व्हेनिस, फ्लॉरेन्स किंवा ऑग्सबर्गचे फुगर हे सावकार घराणे कॅथलिक असूनही श्रीमंत होते, हा नेहमीचा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही, कारण भांडवलशाही केवळ (प्रोटेस्टंट) धर्मसुधारणेतूनच जन्मली असे म्हणणे वेबरनेच मूर्खपणाचे ठरवले आहे.

माझी खरी अडचण पुराव्याची आहे. वेबर मुख्यतः रिचर्ड बॅक्स्टर या सतराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशकासारख्या पाळकांच्या उपदेशग्रंथांवर विसंबतो. अधिक मिळकतीचा न्याय्य मार्ग देवाने दाखवला असता तो नाकारणे म्हणजे देवाचा कारभारी होण्यास नकार देणे, असे बॅक्स्टर लिहितो खरे; परंतु तो उपदेश ऐकणारा दुकानदार खरोखर तसा वागला, हे त्यावरून कसे ठरवावे?

दोन माणसांची उदाहरणे मला विशेष अस्वस्थ करतात. लंडनच्या ईस्टचीप भागातील नेहेमाया वॉलिंग्टन (१५९८-१६५८) हा प्युरिटन (कॅल्विनच्या शिकवणीचा कट्टर इंग्रज प्रोटेस्टंट) कातारी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, होता. त्याने लिहिलेल्या सुमारे पन्नास वह्यांपैकी सात आज उपलब्ध आहेत आणि त्यांत तारणाची चिंता जागोजागी दिसते, तरी त्या चिंतेने त्याला श्रीमंत व्यापारी केले नाही. याउलट अमेरिकेतील बॉस्टनचा रॉबर्ट केन हा यशस्वी व्यापारी होता. पण १६३९ मध्ये अवाजवी नफा घेतल्याबद्दल प्युरिटन वसाहतीच्या न्यायमंडळाने त्याला दंड केला आणि त्याच्या चर्चच्या मंडळीनेही जाहीर ताकीद दिली. हा कलंक त्याच्या मनाला इतका लागला की १६५३ मध्ये त्याने लिहायला घेतलेल्या दीडशेहून अधिक पानांच्या मृत्युपत्राचा मोठा भाग आपली बाजू मांडण्यातच खर्ची पडला आहे. धर्मभीती आणि नफा यांचा मेळ वेबर म्हणतो तितका सहज बसत होता का, असा प्रश्न मला यातून पडतो.

अलीकडच्या आकडेवारीनेही माझे समाधान होत नाही. बेकर आणि व्योसमान या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या जिल्ह्यांवरून असे मांडले की प्रोटेस्टंट भागांची समृद्धी बायबल वाचण्यासाठी वाढलेल्या साक्षरतेने समजावून घेता येते. अर्थतज्ज्ञ कांतोनी यांना १३०० ते १९०० या काळातील २७२ जर्मन शहरांच्या लोकसंख्यावाढीत (ती आर्थिक प्रगतीची खूण मानून) प्रोटेस्टंट पंथाचा प्रभाव आढळला नाही. पण या प्रदेशातील प्रोटेस्टंट बहुतांशी लुथरपंथीय, म्हणजे कॅल्विनपंथाहून वेगळ्या शाखेचे, होते, आणि लुथरपंथाची आर्थिक दृष्टी पारंपरिकच राहिली असे वेबर स्वतः सांगतो. मग हे निष्कर्ष त्याच्या मूळ दाव्याला कितपत लागू होतात?

एकाच कॅल्विनपंथीय व्यापाऱ्याची धार्मिक रोजनिशी आणि हिशेबवह्या ताडून पाहणारा अभ्यास कोणाच्या वाचनात असल्यास कृपया सांगावे. नेदरलँड्स किंवा ह्यूगेनॉट (फ्रेंच कॅल्विनपंथीय) व्यापाऱ्यांविषयीचा असल्यास अधिक उपयोग होईल. कट्टर कॅल्विनपंथीय स्कॉटलंड सतराव्या शतकात गरीबच का राहिले, याचे वेबरच्या बाजूने दिलेले उत्तर ठाऊक असल्यास तेही वाचायला आवडेल.