मदत हवी आहे: सव्वातीन वर्षांच्या मुलाला ऑटिझमचं निदान, साताऱ्यात राहून सुरुवात कुठून करावी?

अजिंक्यतारा
मुलगा सव्वातीन वर्षांचा. पुण्यातल्या विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमचं निदान लेखी दिलंय, सोबत स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार) आणि विशेष शिक्षण सुचवलंय. दहा-बारा शब्द बोलतो, काही हवं असलं की हात धरून ओढत नेतो. दर आठवड्याला पुणे झेपणार नाही. जिल्ह्यात सरकारी सोय आहे का? अपंगत्व प्रमाणपत्र आत्ता काढावं की थांबावं? आणि थेरपिस्ट बरा की वाईट हे कसं ओळखायचं?

कण्हेर
आधी सांगा, बेरा, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली आहे का? नसेल तर स्पीच सुरू करण्यापूर्वी करून घ्या. टाळी वाजवली की वळतो, एवढ्यावर ऐकू येतं असं धरू नका. ठरावीक पट्टीतले आवाज कमी ऐकू येणारं मूलही टाळीला वळतं.

सरकारी सोय म्हणजे जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतं, १८ वर्षांपर्यंत मोफत. अडचण मनुष्यबळाची: कुठे ओटीची जागा रिकामी, कुठे स्पीचची. म्हणून जाण्याआधी फोन करून कोण कोणत्या वारी असतं ते विचारा. पंधरा दिवसांतून एकदाच वेळ मिळाली तरी सोडू नका, फक्त ती वेळ घरी काय करायचं ते शिकण्यासाठी वापरा. पाऊण तासाच्या सत्रापेक्षा घरातला उरलेला दिवस जास्त काम करतो.

सुरुवात मागण्यापासून करा. आवडता खाऊ पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत, दिसेल पण उघडता येणार नाही असा ठेवा. तो बरणी घेऊन आला की लगेच उघडू नका, मनात पाचपर्यंत मोजा. नजर, बोट, आवाज, काहीही आलं तरी ते मागणं समजा, "उघड" एवढा एकच शब्द म्हणा आणि थोडासाच खाऊ द्या, म्हणजे तो पुन्हा मागेल. इथे हमखास दोन गोष्टी बिघडतात: "आधी बोल, मग देतो" असं अडवून धरणं, आणि आजी-आजोबांनी न मागताच हातात देणं. चित्रांवरून मागायला आयआयटी मुंबईचं 'जेलो' ॲप मोफत आहे, मराठीतही आहे. चित्रं वापरल्याने बोलणं मागे पडत नाही. आणि कुणी "घरात फक्त इंग्रजी बोला" म्हणालं तर ऐकू नका. घरात जी भाषा सहज येते तीच बोला.

टपालपेटी
प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच करा, पण थेरपी त्यासाठी थांबवू नका. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्व ओळखपत्राचा, अर्ज भरायचा. मुलाचं आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो लागतो. आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळवून घ्या, फेऱ्या वाढतात त्या इथेच. रुग्णालयात आयएसएए ही ऑटिझम मोजणारी चाचणी होते: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ७० पासून पुढे ऑटिझम धरतात. बरेच गुण पालकांच्या उत्तरांवर ठरतात, आणि तिथे "घरी सगळं करतो हो" असं मायेपोटी बोललं जातं. मदत करावी लागते का, किती वेळा, हेच सांगा. घरचे छोटे व्हिडिओ सोबत न्या, अनोळखी खोलीत मूल वेगळंच वागतं. या वयात प्रमाणपत्र मुदतीचं मिळतं, मुदतीची तारीख लिहून ठेवा.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के प्रवेशात मूल वंचित गटात धरतात, उत्पन्नाची अट नसते. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा देते, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. अर्ज ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत.

शेवंती
थेरपिस्टबद्दल. स्पीच, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) सीआरआर, म्हणजे नोंदणी क्रमांक हवा. ओटींची नोंदणी वेगळी, राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, तिथे पुढचं विचारूच नका. पालकांना खोलीत बसू देतात का? तीन महिन्यांचं उद्दिष्ट मोजता येईल असं लिहून देतात का? "एकाग्रता वाढवू" हे उद्दिष्ट नव्हे. "दिवसात पाच वेळा स्वतःहून खाऊ मागेल" हे उद्दिष्ट.

सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ घेणारे, बोलण्याची हमी देणारे टाळा. स्टेम सेलवाल्यांचा फोन येईलच. ऑटिझमसाठी तो उपचार करू नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने २०२२ मध्येच सांगितलंय.

पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर, मुंबईत उम्मीद हे बालविकास केंद्र, इथे दोन-तीन महिन्यांतून एकदा आढावा आणि रोजचं काम घरी, हे साताऱ्याहून जमण्यासारखं आहे.

अजिंक्यतारा
बेरा राहिली आहे, उद्याच वेळ घेतो. निरामयसाठी पावत्या कशा लागतात?

टपालपेटी
मूळ पावती, त्यावर मुलाचं नाव, तारीख, थेरपीचा प्रकार, सही-शिक्का आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक. डॉक्टरांनी थेरपी सुचवल्याची चिठ्ठी जोडा. पॉलिसीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, नूतनीकरण त्याआधीच करा.